एका मशीनवर तीन जावा, दोन मेवन: मार्च २०२५ च्या प्रकल्प नोंदी

सोमवार, ३ मार्च २०२५

दूध बिलिंगची प्रणाली स्प्रिंग बूट (जावा प्रोग्रामचा तयार सांगाडा) २.७ वरून ३.४ वर नेण्याचं काम आज संपलं, निदान माझ्या लॅपटॉपवर तरी. २.७ चा मोफत आधार नोव्हेंबर २०२३ मध्येच थांबला. आम्ही उशीर केला, पण आता नवं दरपत्रक येतंय तेव्हा ते जुन्या पायावर बसवायचं नाही असं ठरलं. बूट ३ ला जावा १७ च्या खालचं काही चालत नाही. ‘जावाएक्स’चे सगळे इम्पोर्ट ‘जकार्ता’वर नेले, टेस्ट हिरव्या झाल्या, गाईचं ३.५ फॅट ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि म्हशीचं ६.० ला ९.० हे दोन्ही मूळ दर बरोबर निघाले.

१ ते १० तारखेचं बिल ११ ला काढायचं आहे. १३ ला होळी. त्याआधी उत्पादकांच्या खात्यात पैसे जायला हवेत, त्यामुळे हाताशी आठवडाच आहे.

दुपारी ऑफिसातल्या बिल्ड मशीनवर (उबुंटू २२.०४) तोच कोड घेऊन मेवनने (कोड कंपाइल करून प्रोग्राम बांधणारं साधन) बिल्ड केला आणि पहिल्याच फटक्यात एरर आली: ‘फेटल एरर कंपायलिंग: रिलीज व्हर्जन १७ नॉट सपोर्टेड’. धाकट्या सहकाऱ्याने लगेच ‘जावा -व्हर्जन’ मारून दाखवलं. तिथे स्वच्छ १७. तो म्हणाला, “दादा, जावा तर १७च आहे, मग मेवनचंच काहीतरी बिघडलंय.” त्याने पॉम फाइलमध्ये (मेवनला सूचना देणारी फाइल) जावाची आवृत्ती ११ करून पाहिली. आता दुसरी एरर: ‘क्लास फाइल हॅज राँग व्हर्जन ६१.०, शुड बी ५५.०’.

इथे मी त्याला थांबवलं, कारण हे दोन आकडे नीट समजले तर पुढचं अर्धं काम होतं. स्प्रिंगच्या जारमधून (क्लास फाइलींचा गठ्ठा) एक क्लास फाइल, म्हणजे कंपाइल झालेला कोड, बाहेर काढली आणि ‘एक्सएक्सडी’ने तिचे पहिले आठ बाइट पाहिले: सीएएफई बीएबीई ०००० ००३डी. पहिले चार बाइट प्रत्येक क्लास फाइलला असतातच, ती तिची ओळख. शेवटचे दोन म्हणजे कोणत्या जावासाठी ती बनली. ३डी म्हणजे तीन सोळा अठ्ठेचाळीस अधिक तेरा, एकसष्ट. एकसष्टातून ४४ वजा केले की १७. तसंच ५५ म्हणजे जावा ११, ५२ म्हणजे जावा ८. म्हणजे एरर सरळ सांगत होती की कंपाइल करणारा जावा ११ आहे. आम्ही विचारत होतो एकाला आणि काम करत होता दुसराच.

‘एमव्हीएन -व्ही’ मारल्यावर तेच दिसलं. मेवन ३.६.३, जावा ११, पत्ता /यूएसआर/लिब/जेव्हीएम च्या खालचा. मेवनची शेल स्क्रिप्ट उघडून वाचली. ती आधी जावा_होम (जावा कुठे आहे ते सांगणारं व्हेरिएबल) बघते. ते भरलेलं असेल तर त्यातलाच जावा घेते, पाथमध्ये (आज्ञा ज्या फोल्डरांत शोधल्या जातात त्यांची यादी) काय आहे याकडे ढुंकूनही पाहत नाही. जावा_होम रिकामं असेल तरच पाथमध्ये शोधते. त्यामुळे ‘जावा -व्हर्जन’ने मेवनबद्दल काहीच कळत नाही.

मग जावा_होम ११ कुठून आलं? डॉट बॅशआरसीच्या (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाइल) तळाशी एसडीकेमॅनच्या (जावाच्या आवृत्त्या बसवणारं, बदलणारं साधन) दोन ओळी आहेत आणि त्यांच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की या फाइलच्या शेवटीच असल्या पाहिजेत. त्यांच्याही खाली कुणीतरी नंतर ‘एक्सपोर्ट जावा_होम’ची ११ वाली ओळ जोडलेली. एसडीकेमॅन १७ लावून गेला, पुढच्या ओळीने जावा_होम परत ११ केलं, पाथ मात्र १७ चाच राहिला. ती ओळ काढली, पॉममधला बदल मागे घेतला, नवं टर्मिनल उघडलं. साडेसहाला बिल्ड झाला.

सहकाऱ्याला म्हटलं, आता जावा_होम ठरण्याची जागा एकच, डॉट बॅशआरसी. बाकी कुठे असेल तर काढून टाक.

मंगळवार, ४ मार्च

हे मी कालच बोलायला नको होतं. सहकाऱ्याने मी सांगितल्याप्रमाणे रात्रीच्या बिल्ड स्क्रिप्टमधलीही जावा_होमची ओळ काढली. रात्री दोनचा क्रॉनचा (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारा प्रोग्राम) बिल्ड पडला, आणि एरर कालच्यापेक्षा वेगळी: ‘नो कंपायलर इज प्रोव्हायडेड इन धिस एन्व्हायरन्मेंट. पर्हॅप्स यू आर रनिंग ऑन अ जेआरई रादर दॅन अ जेडीके?’

सकाळी टर्मिनलमध्ये तीच स्क्रिप्ट हाताने चालवली तर चालली. क्रॉनमध्ये पडते, हाताने चालते. या जातीच्या बिघाडात कोडकडे बघण्यात अर्थ नसतो, भोवतालचं वातावरण बघायचं. क्रॉन डॉट बॅशआरसी वाचत नाही. आणि उबुंटूच्या डॉट बॅशआरसीत अगदी वरच लिहिलेलं असतं की शेलसमोर माणूस बसलेला नसेल तर इथूनच परत फिर. म्हणजे काल मी जी एकमेव जागा ठरवली, ती रात्रीच्या बिल्डला कधी दिसणारच नव्हती.

क्रॉनसारखं वातावरण दिवसाढवळ्या उभं करता येतं, त्यासाठी रात्री दोनची वाट बघायला लागत नाही. ‘एन्व्ह -आय’ने सगळं पुसायचं, फक्त होम आणि पाथ (/यूएसआर/बिन:/बिन) द्यायचा आणि त्यात ‘एमव्हीएन -व्ही’ चालवायचं. उत्तर आलं: जावा ८.

८! हा तिसरा जावा या मशीनवर आहे हेच आम्हा दोघांच्या ध्यानात नव्हतं. ‘अपडेट-अल्टरनेटिव्हज --डिस्प्ले जावा’ने (एका नावामागे कोणता प्रोग्राम चालणार ते दाखवणारी आज्ञा) उलगडा केला. दोन नावं, ८ चा जेआरई (फक्त चालवणारा) आणि ११ चा जेडीके (कंपायलरसकट). ११ चा अग्रक्रम जास्त, पण वर लिहिलेलं ‘मॅन्युअल मोड’, आणि दुवा ८ कडे. जुन्या फॅट-नोंद अहवालासाठी कुणीतरी हाताने ८ निवडलेला. एकदा हाताने निवडलं की नंतर कितीही नवे जावा बसवा, तो दुवा हलत नाही. आणि ‘जावासी’ची (कंपायलरची) निवड वेगळी असते, ती ११ वर होती. त्यामुळे या मशीनवर काल रात्री ‘जावा’ म्हटलं की ८, ‘जावासी’ म्हटलं की ११ आणि आमच्या टर्मिनलमध्ये दोन्ही १७.

सहकाऱ्याचा पहिला विचार होता की एररच जेडीके नाही म्हणतेय, तर आणखी एक जेडीके टाकूया. हीच वाट धरून मशीनची ही गत झाली आहे. दर वेळी एरर आली, दर वेळी एक नवं टाकलं, जुनं कुणी काढलं नाही. मी त्याला गावाकडचं उदाहरण दिलं. आमच्या आळीत उभं राहून नुसतं “अहो पाटील” म्हटलं तर रस्त्यात जो पहिला असेल तो ओ देतो. आपल्याला हवा असलेला पाटील पलीकडच्या घरात असतो. हवे असलेले पाटील आले नाहीत म्हणून आळीत आणखी एक पाटील आणून काय होणार? आधी बघायचं, ओ कोणी दिली. त्याला ते पटलं. दिवसभर मग तो दर एररला “दादा, ओ कुणी दिली ते बघतो” म्हणूनच सुरुवात करत होता.

त्याने मधे एक प्रयत्न केला तोही लिहून ठेवतो, कारण यात पुष्कळजण फसतात. क्रॉनटॅबच्या वरच्या बाजूला ‘पाथ=/ऑप्ट/…/बिन:$पाथ’ अशी ओळ टाकली. क्रॉनटॅबमध्ये डॉलरचं चिन्ह उलगडत नाही, ते जसंच्या तसं अक्षर म्हणून राहतं. परिणामी /यूएसआर/बिन पाथमधून गेला आणि ‘गिट: नॉट फाउंड’ आलं. ओळ काढली.

संध्याकाळी तात्पुरता उपाय केला. बिल्ड स्क्रिप्टमध्येच जावा_होम पूर्ण पत्त्यासकट, आणि स्क्रिप्टची पहिली आज्ञा ‘एमव्हीएन -व्ही’. लॉगच्या पहिल्या पाच ओळीत कोण काम करतंय ते छापलं गेलंच पाहिजे.

बुधवार, ५ मार्च

आज मशीनची झडती. कागदावर मांडलं:

जावा ८, एपीटीने (उबुंटूचं प्रोग्राम बसवायचं साधन) आलेला जेआरई. जावा ११, एपीटीने आलेला जेडीके. जावा १७, बिल्ड युजरच्या घरात एसडीकेमॅनने आणलेला. मेवन ३.६.३, एपीटीचं, /यूएसआर/बिन मध्ये. मेवन ३.९.९, कुणीतरी /ऑप्टमध्ये सोडलेलं. याशिवाय एम२_होम नावाचं व्हेरिएबल ३.९.९ कडे बोट दाखवणारं. त्यावर विसंबून सगळ्यांना वाटत होतं की आपण ३.९.९ वापरतोय. मेवन ३.५.० पासून, म्हणजे २०१७ पासून, एम२_होम वाचलंच जात नाही. आणि ३.९.९ चा पत्ता पाथच्या शेपटीला जोडलेला, म्हणजे /यूएसआर/बिन आधी लागतो. ते बसवल्यापासून एकदाही चाललं नसणार.

ठरवलं ते असं. बिल्ड मशीनवर एकच जेडीके, एपीटीचा १७. एसडीकेमॅन लॅपटॉपवर राहू दे, तिथे आवृत्त्या बदलाव्या लागतात. बिल्ड मशीनवर त्याचं काम नाही. एपीटीचं मेवन काढायचं.

‘एपीटी रिमूव्ह मेवन’ केलं एका टर्मिनलमध्ये. शेजारच्या टर्मिनलमध्ये सहकारी काम करत होता, त्याला लगेच ‘/यूएसआर/बिन/एमव्हीएन: नो सच फाइल’. ‘विच एमव्हीएन’ मात्र /ऑप्टचा पत्ता दाखवत होतं. तो गोंधळला आणि गोंधळण्यासारखंच आहे. बॅश एकदा सापडलेला पत्ता लक्षात ठेवतो, दर वेळी पाथ शोधत बसत नाही. ‘टाइप एमव्हीएन’ विचारलं तर तो स्वतःच सांगतो, ‘हॅश्ड’ आहे म्हणून. ‘विच’ हा बाहेरचा प्रोग्राम, त्याला बॅशच्या मनातलं कळत नाही. ‘हॅश -आर’ दिलं, झालं.

गुरुवार, ६ मार्च

मेवन ३.९.९ खरोखर चालायला लागलं आणि बिल्ड तिसऱ्या मिनिटाला अडकला. ‘ब्लॉक्ड मिरर फॉर रिपॉझिटरीज’, पत्ता ०.०.०.०, नाव ‘मेवन-डिफॉल्ट-एचटीटीपी-ब्लॉकर’.

दूध तपासणी यंत्राकडून फॅटचा आकडा वाचणारा जार आमच्या ऑफिसातल्या रिपॉझिटरीत (जारच्या साठ्यात) आहे आणि तिचा पत्ता पॉममध्ये साध्या एचटीटीपीचा. मेवन ३.८.१ पासून (२०२१) बाहेरच्या कुठल्याही रिपॉझिटरीशी एचटीटीपीने बोलणं मूळातच बंद आहे, वाटेत कुणी जार बदलून देऊ शकतो म्हणून. ३.६.३ ला ते चालत होतं.

पण एक गोष्ट जुळेना. जुन्या मेवनवर तर सेंट्रलचे (मेवनच्या इंटरनेटवरच्या मुख्य साठ्याचे) जारही ऑफिसच्या साठ्यातून यायचे, आता ते थेट इंटरनेटवरून येऊ पाहत होते. घरच्या डॉट एम२ (मेवनचं फोल्डर) मधल्या सेटिंग्जमध्ये मिररची, म्हणजे ऑफिसच्या साठ्याकडे वळवणारी, ओळ नव्हती. मग आठवलं की प्रत्येक मेवनची स्वतःचीही एक सेटिंग्ज फाइल असते. एपीटीच्या मेवनची /ईटीसी/मेवन मध्ये. तिथे कुणीतरी मिरर लिहून ठेवलेला. मेवन बदललं तसा तो मिररही गेला. नशिबाने काल ‘रिमूव्ह’ केलं होतं, सेटिंग्जही पुसणारं ‘पर्ज’ नाही, त्यामुळे /ईटीसीमधली फाइल जागेवर होती. तिच्यातल्या सात ओळी डॉट एम२ मध्ये आणल्या, कारण ती फाइल कोणतंही मेवन असलं तरी वाचली जाते.

ब्लॉकर काढून टाकण्याचा मोह सहकाऱ्याला झाला होता, मी नाही म्हटलं. शेतकऱ्याच्या दुधाच्या पैशाचा हिशेब करणाऱ्या प्रोग्राममध्ये कुठून आला ते ठाऊक नसलेला जार मला नको. नेटवर्क सांभाळणाऱ्या ताईंनी दुपारी रिपॉझिटरीला एचटीटीपीएस लावून दिलं, ऑफिसच्या अंतर्गत प्रमाणपत्रावर. त्यांचे मनापासून आभार, जेवणाची सुटी सोडून केलं.

बिल्ड मशीनवर ते लगेच चाललं. माझ्या लॅपटॉपवर ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’, म्हणजे प्रमाणपत्रावर विश्वास नाही. पुन्हा तीच गोष्ट, निराळ्या वेषात. एपीटीचे सगळे जावा विश्वासू प्रमाणपत्रांची एकच सामाईक फाइल वापरतात, /ईटीसी/एसएसएल खालची. प्रमाणपत्र सिस्टिममध्ये टाकून ‘अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स’ चालवलं की सगळ्यांना कळतं. एसडीकेमॅनने आणलेला जावा मात्र स्वतःची ‘सीएसर्ट्स’ घरात घेऊन येतो, त्याला सिस्टिमचं काही माहीत नसतं. ‘कीटूल’ने त्यात वेगळं घातलं. हे लॅपटॉपवर जावा बदलला की दर वेळी करावं लागेल, म्हणून रीडमीमध्ये लिहिलं.

शुक्रवार, ७ मार्च

मेवन रॅपर लावला. आता प्रकल्पातच ‘एमव्हीएनडब्ल्यू’ ही स्क्रिप्ट आणि शेजारी एका फाइलमध्ये मेवन ३.९.९ चा डाउनलोड पत्ता व चेकसम. मशीनवर मेवन आहे की नाही, कोणतं आहे, याने फरक पडत नाही. पहिल्यांदा चालवल्यावर ते घरच्या डॉट एम२ खाली रॅपर फोल्डरमध्ये येऊन बसतं. /ऑप्टमधलं मेवन पुसलं, एम२_होमही.

रॅपरने मेवनचा प्रश्न सुटतो, जावाचा नाही. तोही जावा_होमच बघतो. म्हणून एन्फोर्सर प्लगइन जोडलं: जावा १७ किंवा त्याहून वरचा पण १८ च्या खालचा, नसेल तर कंपाइलच्या आधीच थांब. संदेश आम्ही मराठीत लिहिला: ‘हा बिल्ड जावा १७ वरच चालतो. जावा_होम तपासा.’ ऑफिसात नव्याने येणाऱ्याला ६१.० आणि ५५.० च्या कोड्यातून जावं लागू नये.

शनिवार, ८ मार्च

अर्धा दिवस. सहकाऱ्याचा विंडोज लॅपटॉप. ‘व्हेअर जावा’ला तीन ओळी, सर्वात वर ‘जावापाथ’ नावाचा फोल्डर, जो एका इन्स्टॉलरने सिस्टिमच्या पाथमध्ये पहिल्या जागी घुसवलेला. त्याने स्वतःच्या युजर पाथमध्ये १७ टाकला होता, पण विंडोजमध्ये सिस्टिमचा पाथ आधी आणि युजरचा मागाहून लागतो. जुनं अनइन्स्टॉल केलं. यात माझी मदत लागली नाही, त्याने स्वतः शोधलं.

त्याच्याकडून पुश झालेली ‘एमव्हीएनडब्ल्यू’ बिल्ड मशीनवर ‘परमिशन डिनाइड’. विंडोजवरून गेल्याने चालवण्याची परवानगी गिटमध्ये नोंदलीच नव्हती. ‘गिट अपडेट-इंडेक्स --सीएचमॉड=+एक्स’.

सोमवार, १० मार्च

शनिवार-रविवार दोन्ही रात्रींचे बिल्ड हिरवे. आज एन्फोर्सर खरंच अडवतो का ते पाहायला मुद्दाम रिकाम्या वातावरणात जावा_होम ११ देऊन चालवलं. अडवलं, पण संदेशाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हांची रांग.

क्षणभर वाटलं किरकोळ आहे, संदेशच तर आहे. मग अंगावर काटा आला. ‘एमव्हीएन -व्ही’च्या शेवटून दुसऱ्या ओळीत प्लॅटफॉर्म एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) ‘एएनएसआय_एक्स३.४-१९६८’, म्हणजे साधं आस्की. ‘एन्व्ह -आय’ने लँग (भाषा आणि एन्कोडिंग सांगणारं व्हेरिएबल) पुसलं होतं. जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग आहे, पण १७ अजून सिस्टिमच्या लोकेलवर चालतो. आमच्या टेस्टमध्ये संकलन केंद्रांची आणि उत्पादकांची नावं मराठीत आहेत, आणि एका जुन्या वर्गात फाइल वाचताना एन्कोडिंग दिलेलंच नव्हतं. अशा वातावरणात बिल झालं असतं तर पावतीवर माणसाच्या नावाऐवजी प्रश्नचिन्हं छापली गेली असती. केंद्रावर पहाटे थंडीत रांगेत उभ्या राहिलेल्या बाईच्या हातात आपण तिचं नाव नसलेली पावती देणार नाही.

त्या वर्गात यूटीएफ-८ स्पष्ट लिहिलं. बिल्ड स्क्रिप्टमध्ये आणि सेवा सुरू करणाऱ्या फाइलमध्येही लँग ‘सी.यूटीएफ-८’. या एकाच गोष्टीची टेस्ट लिहिली: ‘ळ’, ‘ऱ्ह’ आणि ‘ॲ’ असलेली नावं फाइलमध्ये लिहून परत वाचायची. ऱ्ह मुद्दाम घेतला, कारण कुलकर्णींपेक्षा कऱ्हाडेच आधी मोडतात.

मंगळवार, ११ मार्च

पहाटे दोनचा बिल्ड हिरवा. लॉगच्या डोक्यावर मेवन ३.९.९, जावा १७, यूटीएफ-८.

सकाळी नव्या प्रणालीवर दहा दिवसांचं बिल काढलं. जुन्या प्रणालीवरही समांतर काढून ताळा केला, दोन्हीकडची रक्कम पैशापर्यंत जुळली. दुपारी बँकेची फाइल गेली.

मशीनवरची शेवटची कामं: एपीटीचा ११ काढला. ‘अल्टरनेटिव्हज’मधला जावा परत ऑटोवर नेला, तो आता १७ दाखवतो, जावासीही. ८ काढता आला नाही. फॅट-नोंदीचा जुना अहवाल अजून त्याच्यावर चालतो आणि तो बदलायला निदान महिना लागेल. पण आता त्या एकाच स्क्रिप्टमध्ये ८ चा पूर्ण पत्ता लिहिला आहे, /यूएसआर/लिब/जेव्हीएम पासून थेट बिन/जावापर्यंत. नुसतं ‘जावा’ म्हणून हाक मारणारं त्या स्क्रिप्टमध्ये काही उरलं नाही. सहकाऱ्याने ‘एन्व्ह -आय’मध्ये चालवून पाहिली, अहवाल निघाला.